रेडिओग्रामची डावी बाजू

मावशीआजीचं घर सांगलीच्या गावभागात. जोतं चांगलं कमरेएवढं, त्यामुळे लहानसहान पूर दारापर्यंत येऊन परत जायचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मात्र कृष्णेने आयर्विन पुलापाशी ५७ फूट ओलांडले आणि पाणी सोप्यात शिरलं. घरची माणसं आधीच आमच्याकडे विश्रामबागेत आली होती. गाद्या, भांडी, देव माडीवर गेले होते. सोप्यातली आजोबांची पेटी दोघांना उचलेना म्हणून खालीच राहिली. आठवडाभर ती फूटभर पाण्यात उभी होती. पूर ओसरल्यावर चिखल काढायला आलेल्या मुलांनी ती कशीबशी माडीवर चढवली, तिच्यावर गाद्यांची चळत बसली आणि तिचं नाव कोणी काढलं नाही.

२०२२ च्या मे महिन्यात घर बिल्डरला द्यायचं ठरलं आणि मावशीआजीचा फोन आला. "तू फिजिक्स शिकवतेस ना गं? पेटी बघून जा एकदा. नाहीतर सोमवारी भंगारवाला येतोय. लाकडाचे म्हणून पाचशे देतो म्हणालाय."

रविवारी सकाळीच गेले. पेटी म्हणजे रेडिओग्राम, रेडिओ आणि ग्रामोफोन एकाच पेटीत. साडेचार फूट लांब, सागवानी व्हिनियरचा, चार निमुळत्या पायांवर उभा. दोन्ही टोकांना जरीच्या कापडाआड स्पीकर, मधे रेडिओची काच, आणि उजवीकडचं झाकण उचललं की खाली गॅरार्डचा चेंजर, इंग्लंडात स्विंडनला बनलेला. तबकड्या एकावर एक रचून ठेवल्या की एकेक आपोआप खाली उतरून वाजते, असा. आजोबांनी हा रेडिओग्राम मुंबईत लॅमिंग्टन रोडवर करून घेतला होता. चेंजर परदेशी, अ‍ॅम्प्लिफायर तिथल्याच कारागिराने जुळवलेला, पेटी सुताराची. खालच्या कप्प्यात पोस्टाचं रेडिओ-परवान्याचं पुस्तक सापडलं, पहिला शिक्का १९६७ चा. आणि समोरच्या पट्टीवर पितळेच्या अक्षरांत एकच शब्द होता, स्टिरिओ. स्टिरिओ तबकड्या जगाच्या बाजारात आल्या त्याच मुळी १९५८ च्या सुमारास. गावभागातल्या सोप्यात १९६७ साली दोन बाजूंनी वेगवेगळं गाणं ऐकणारं घर होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"शेवटची कधी वाजली?" मी विचारलं.

"धाकटीच्या केळवणाच्या रात्री. गाणं अर्ध्यावर होतं आणि लाईट गेली. सगळे उठून ओट्यावर गेलो. दुसऱ्या दिवशी आजोबांनी नुसता सुईचा हात उचलून जागेवर ठेवला. मग लग्नाची गडबड, मग टेपरेकॉर्डर आला. राहूनच गेलं."

हे वाक्य मी तेव्हा सोडून दिलं. पुढे त्याचा अर्थ लागला.

पेटीची अवस्था मी घरी आणून नीट पाहिली. खालची फळी फुगून तिचे पदर सुटले होते. समोरच्या आणि बाजूच्या व्हिनियरने खालून चार बोटं जागा सोडली होती, कडा पापडासारख्या वळल्या होत्या. अ‍ॅम्प्लिफायर मधल्या फळीवर, म्हणून पाण्याच्या वर वाचलेला, पण गंजाची धूळ सगळीकडे. चेंजरची तबकडी हाताने फिरवली तर मधासारखी जड फिरायची. जुनं ग्रीस वाळून लाखेसारखं घट्ट झालं होतं.

वीज लावायचा मोह आवरला, हे चांगलं झालं. व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या यंत्रात २५०-३०० व्होल्ट डीसी असतात आणि बंद केल्यावरही कंडेन्सर तो दाब धरून बसतात. मी वर्गात ओहमचा नियम शिकवते, पण व्हॉल्व्हला हात लावलेला नव्हता. मिरजेत एक रेडिओवाले काका आहेत, पंचाहत्तरी गाठलेले. दुकान आता मोबाईलच्या चार्जरांनी भरलंय, पण मागच्या फळीवर बिस्किटाच्या डब्यात व्हॉल्व्ह अजून आहेत. अ‍ॅम्प्लिफायर सोडवून, स्पीकरसकट पिशवीत घालून त्यांच्याकडे नेला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एकेक व्हॉल्व्ह वाचला. एक ईसीसी ८३, दोन ईएल ८४ (स्पीकर चालवणारे, दर बाजूला एक), एक ईझेड ८१. "साधं आहे," म्हणाले, "साधं म्हणजे दुरुस्त होणार."

त्यांची पहिली कृती मी आता वर्गात सांगते. वायरच्या मधे शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडला. यंत्र धड असेल तर बल्ब क्षणभर पेटून मंदावतो. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटलेलाच राहतो आणि यंत्र जळायचं वाचतं. आमचा लख्ख राहिला. मोठा कंडेन्सर आतून जोडला गेला होता. त्याचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा काकांनी वर तसाच उभा ठेवला, वायरी काढल्या, आणि खाली चॅसिसच्या, म्हणजे पत्र्याच्या सांगाड्याच्या पोटात ४७ मायक्रोफॅरॅड ४५० व्होल्टचे दोन नवे बसवले. मेणातले कागदी कंडेन्सरही सरसकट बदलले. ते गळायला लागले की आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको तो धन दाब येतो आणि व्हॉल्व्ह तापून मरतो, त्यामुळे त्यांची परीक्षा घेत बसण्यात अर्थ नसतो. दोन संध्याकाळी, साडेचारशे रुपयांचा माल.

तिसऱ्या संध्याकाळी बल्ब मंदावला. उजव्या स्पीकरमधून बारीक खरखर आली. डावा गप्प.

काका वाकून व्हॉल्व्हकडे बघत होते. एकदम त्यांनी बटण बंद केलं. "बघितलंत? बाहेरचा पत्रा काळाच आणि आतली जाळी लाल."

मला दिसलं होतं. डाव्या ईएल ८४ च्या करड्या पत्र्याच्या फटीतून आत एक बारीक तारेचं वेटोळं इस्त्रीच्या तारेसारखं तांबडं झालं होतं. ती स्क्रीन ग्रिड. व्हॉल्व्हच्या प्लेटला, म्हणजे त्या बाहेरच्या पत्र्याला, वीज पोचते ती आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या, म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, पातळ वेढ्यांतून. ते वेढे तुटले तर प्लेट उपाशी राहते आणि सगळा प्रवाह बिचाऱ्या जाळीवर येतो. डावा ट्रान्सफॉर्मर तपासला तर खरंच तुटलेला. तो स्पीकरच्या चौकटीवरच बसवलेला होता, म्हणजे पाण्याच्या रेषेपासून वीतभर वर. आठवडाभराच्या दमटपणाने आणि नंतरच्या दोन पावसाळ्यांनी केसासारख्या तांब्याच्या तारेवर हिरवं चढलं होतं आणि कुठेतरी ती खाऊन गेली होती.

असा ट्रान्सफॉर्मर दुकानात विकत मिळत नाही. पण सांगली जिल्ह्यात विहिरीवरची मोटर जळली नाही असा उन्हाळा जात नाही, आणि त्यामुळे वाइंडिंग करणारे पावलोपावली आहेत. जवळच्या एकाकडे गेले. त्याने ट्रान्सफॉर्मर तळहातावर तोलला आणि विचारलं, "वेढे किती?" मी उजवा, चांगला ट्रान्सफॉर्मर कॉलेजच्या प्रयोगशाळेत मोजून आले होते. स्पीकरच्या बाजूला एक व्होल्ट एसी दिला की दुसऱ्या बाजूला ३५ व्होल्ट यायचे. पस्तिसाचा वर्ग १,२२५, आणि स्पीकरचे ओहम व्हॉल्व्हला तेवढ्या पटीने दिसतात. स्पीकर ४ ओहमचा. म्हणजे व्हॉल्व्हला समोर सुमारे ४,९०० ओहम दिसतात, आणि ईएल ८४ ला साधारण तेवढेच हवे असतात. साठ वर्षांपूर्वीच्या कारागिराचा हिशोब माझ्या वहीत जुळला तेव्हा मला फार आनंद झाला. वाइंडरने जुनी तार उलगडत वेढे मोजले. जाड तारेचे ८०, पातळ तारेचे २,८०० च्या आसपास. माझं गणित आणि त्याची मोजणी एकच.

चार दिवसांनी नवा ट्रान्सफॉर्मर बसला. काकांच्या बिस्किटाच्या डब्यातून डाव्या बाजूला बीईएलचा ईएल ८४ आला. भारत इलेक्ट्रॉनिक्सने बेंगळुरूत रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले होते, आणि देशभरच्या रेडिओवाल्यांकडे ते अजून असे डब्याडब्यांतून निघतात. डावी बाजू बोलली. पण तिच्यात खर्ज नव्हता. टेलिफोनमधून गाणं ऐकावं तसं. उजवीकडे तबल्याचा बायाँ घुमायचा, डावीकडे नुसती टिचकी.

हे कोडं सुटायला मला पंधरा दिवस लागले. कंडेन्सर पुन्हा तपासले, स्पीकर अदलाबदल करून पाहिले. शेवटी उजवा, जुना ट्रान्सफॉर्मर समोर घेऊन त्याच्या पत्र्या नीट बघितल्या. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात इ आकाराच्या आणि आय आकाराच्या लोखंडी पत्र्या असतात. नेहमीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये त्या उलटसुलट गुंफतात, एक इ इकडून, एक तिकडून, म्हणजे फट राहत नाही. आमच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये सगळे इ एका बाजूला, सगळे आय दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींच्या मधे तपकिरी कागदाची एक पट्टी. ती मला आधी नुसती पॅकिंगची वाटली होती. ती पट्टीच महत्त्वाची होती! या जोडणीत एकच व्हॉल्व्ह, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरमधून गाण्याबरोबर ४८ मिलिअँपिअरचा डीसी सतत वाहतो. फट नसेल तर लोखंड त्या डीसीनेच भरून जातं, आणि खर्जाच्या मोठ्या लाटेला जागा उरत नाही. वाइंडरने हाताच्या सवयीने पत्र्या उलटसुलट गुंफल्या होत्या. त्याची चूक म्हणणार नाही, त्याने आयुष्यभर मोटरी आणि स्टॅबिलायझर केले. मी जुना नमुना सोबत ठेवायला हवा होता. तो स्वतःहून म्हणाला, "मॅडम, हे आधी दाखवायचं ना," आणि समोर बसून पत्र्या काढल्या, एका बाजूने भरल्या, जुन्या पट्टीच्या जाडीचा कागद मधे घातला, वार्निश पाजलं. पैसे घेतले नाहीत.

खर्ज आला. आता दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाजवल्या तर सारख्या, आणि एकत्र वाजवल्या तर पुन्हा पोकळ. पण या वेळी मला उत्तर माहीत होतं. नव्या वाइंडिंगमध्ये टोकं उलटी निघाली होती. उजवा स्पीकर हवा पुढे ढकलायचा त्याच क्षणी डावा मागे ओढायचा, आणि खर्ज दोघांच्या मधे विरून जायचा. डाव्या स्पीकरच्या दोन तारा अदलाबदल केल्या. पाच मिनिटांचं काम.

चेंजरचं काम मी घरी, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून केलं. हे काम मला सगळ्यात आवडलं. प्रत्येक भाग काढायच्या आधी मोबाईलवर फोटो, स्क्रू बर्फाच्या ट्रेमध्ये क्रमाने. वाळलेलं ग्रीस स्पिरिट आणि जुन्या टूथब्रशने सुटतं, घाई केली नाही तर. मोटरच्या बेअरिंगला शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब, मोठ्या दात्यांना नवं ग्रीस. उत्साहात मी आतल्या एका पातळ पत्र्याच्या खटक्यालाही तेल दिलं आणि तिथे फसले. तबकडी संपली की हात उचलायची आज्ञा तोच खटका देतो. सुई शेवटच्या खाचेत झपकन आत ओढली जाते, तेव्हा दोन पत्र्यांच्या जराशा घर्षणावर तो चालतो. तेलाने ते घर्षणच गेलं. तबकडी संपायची आणि सुई मधल्या लेबलाशी गोल गोल फिरत राहायची. पुन्हा सगळं उघडून खटका स्पिरिटने कोरडा केला, मग चालला. गॅरार्ड उघडणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, तो खटका कोरडाच हवा.

मग चाक. मोटरचा दांडा आणि तबकडीखालच्या जड थाळीची आतली कड यांच्यामधे एक लहान रबरी चाक असतं. मोटर ते फिरवते, ते थाळी फिरवतं. आमच्या थाळीतून चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला धप्, धप् असा आवाज यायचा. चाक काढून बोट फिरवलं तर रबरात एका जागी खळगा, अर्धा मिलिमीटर तरी खोल. तेव्हा मावशीआजीचं वाक्य आठवलं. लाईट गेली, हात उचलून ठेवला. बटण बंद केलं की हे चाक मागे सरून मोकळं होतं, पण त्या रात्री बटण चालूवरच राहिलं. मोटर थांबली, चाक मात्र पोलादी दांड्यावर दाबलेलं राहिलं, ते वीस-पंचवीस वर्षं. केळवणाची ती रात्र रबरात उमटून बसली होती.

नवं चाक परदेशातून मागवता येतं, पण मला आधी इथे विचारायचं होतं. माझी एक विद्यार्थिनी इचलकरंजीजवळच्या सूतगिरणीत आहे. सूतगिरणीत धागा ओढणारे लहान रबरी रूळ असतात, त्यांना कॉट म्हणतात. ते झिजून खडबडीत झाले की मशीनवर घासून पुन्हा गुळगुळीत, तंतोतंत गोल करतात. तिथे हे रोजचं काम. तिने खात्यातल्या माणसाला विचारलं, त्याने चाकासाठी एक छोटा दांडा कातून घेतला आणि दुपारच्या सुट्टीत खळगा जाईपर्यंत रबर घासून दिलं.

"मॅडम, चाक लहान झालं, आता स्पीड बदलणार ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, तूच कर हिशोब. दांड्याच्या कडेचा वेग चाकाला मिळतो, चाकाच्या कडेचा तोच वेग थाळीला. चाकाची त्रिज्या गणितातून निघून जाते. वेग ठरतो तो फक्त दांड्याच्या जाडीवर आणि थाळीच्या घेरावर. रात्री तिने कागदावर मांडून फोटो पाठवला, बरोबर होता.

वेग मोजायला मी १८० काळ्या पट्ट्यांची चकती छापून घेतली. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुन्या ट्यूबलाईटचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. तबकडी मिनिटाला बरोबर ३३⅓ फेरे घेत असेल तर त्या उजेडात पट्ट्या जागच्या जागी स्तब्ध दिसतात. घरात सगळीकडे एलईडी, त्यांत काही दिसेना. शेवटी चोकवाली ट्यूब सापडली ती आमच्या अपार्टमेंटच्या जिन्यात. रात्री दहाला जिन्यात पाटावर चेंजर, एक्स्टेंशन वायर, आणि वरच्या मजल्यावरची दोन मुलं बघायला बसलेली. पट्ट्या आधी हळूहळू मागे सरकत होत्या. दहा मिनिटं मोटर तापली, तेल पसरलं, आणि त्या उभ्या राहिल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

सुईचं थोडक्यात सांगते. सुईच्या हालचालीची वीज करणारं जुनं कार्ट्रिज मेलं होतं. क्रिस्टलचं असावं, ते दमटपणात टिकत नाहीत. त्याच्या जागी सिरॅमिकचं बसवलं, दोन टोकांच्या सुईचं. एक टोक एलपीसाठी, उलटवलं की दुसरं ७८ साठी, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांसाठी, कारण ७८ ची खाच कितीतरी रुंद असते. स्पीकरच्या कागदी पडद्याला कसरीने दोन भोकं पाडली होती, तिथे टिश्यू पेपर आणि पातळ फेविकॉल. रेडिओच्या भागाला मी अजून हात लावलेला नाही.

लाकडासाठी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेले. शहाणा सुतार म्हणाला होता, सनमायका लावून टाका. मला ते नको होतं. सतारीला, तंबोऱ्याला लाखेचं पॉलिश करणारी घरं तीन पिढ्या-चार पिढ्या तिथे आहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या दीड-पावणेदोन वर्षं आधीची ही गोष्ट. एका कारखान्यात चाचांनी पेटीच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि सुटलेल्या व्हिनियरमागचा पिवळा थर नखाने खरवडून जिभेला लावला. "सरस आहे. चांगलं केलंत हात नाही लावला. फेविकॉल लावलं असतं तर मी नाही घेतली असती." सरस पाण्याने आणि उष्णतेने सुटतो, आणि तसाच पुन्हा बसतो. तंबोऱ्यालाही ते तोच वापरतात. ऑगस्ट चालू होता. ते म्हणाले, "दिवाळीनंतर आणा. पावसात पॉलिश पांढरं पडतं." हवेतला ओलावा लाखेत अडकतो आणि चकाकीवर साय धरते. नोव्हेंबरमध्ये टेम्पोतून पेटी नेली.

चार दिवस मी सुट्टी काढून बघत बसले. खालची फळी बदलली. वळलेल्या व्हिनियरच्या मागे गरम सरस, वर ओलं फडकं, त्यावर इस्त्री. चर्र आवाज, वाफ, आणि पापड सपाट. लगेच फळी दाबून शिकंजे आवळले. दोन ठिकाणी तुकडा उडालाच होता, तिथे जुन्या कपाटाच्या सागवानी दारातून पातळ पापुद्रा काढून, रेघेला रेघ जुळवून बसवला. मग चपडा. लाखेचे केशरी पापुद्रे स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून मलमलीतून गाळलेले. मलमलीच्याच फडक्यात कापसाचा बोळा, त्याला तेलाचं बोट, आणि गोल गोल हात फिरवायचा. थांबला की बोळा चिकटतो. एक हात, सुकू द्यायचं, दुसरा हात. मी मोजले ते चौदा हात. आठव्या-नवव्या हाताला लाकूड आतून उजळायला लागतं, ते समोर बसून पाहावं.

तिथेच मला माझी एक चूक कळली. आदल्या आठवड्यात मी आजोबांच्या तबकड्या पुसत होते. एलपी पाण्याने पुसून झाले आणि ७८ च्या एका तबकडीवर डाग जाईना म्हणून स्पिरिटचा बोळा फिरवला. बोळा काळाकुट्ट झाला आणि तबकडीवर फिक्कट, मळकट पट्टा उमटला. चाचांना दाखवली. त्यांनी वास घेतला. "ही पण लाखच आहे. स्पिरिट लावलंत म्हणजे विरघळवलीत." ७८ च्या तबकड्या लाखेत दगडाची भुकटी घालून दाबलेल्या असतात, हे मी वाचलेलं होतं. हाताशी स्पिरिट असताना आठवलं नाही. त्या बाजूचं गाणं आता वाजत नाही. बाकीच्या बावीस तबकड्या मी साध्या पाण्याने, लेबल वाचवत पुसल्या.

डिसेंबरात पेटी घरी आली. मावशीआजी तोवर आमच्याच बिल्डिंगमध्ये, मुलाकडे राहायला आली होती. पहिली तबकडी कोणती लावायची यावर माझा विचार झाला होता. अब्दुल करीम खाँसाहेबांची ७८. मिरज त्यांचं, आणि पेटीचं लाकूडही आता मिरजेचं. सुई उलटवली, वेग ७८ वर, बटण मोनोवर. मोनो करायचं कारण असं की जुन्या तबकडीत सूर फक्त आडव्या हालचालीत असतो. उभ्या हालचालीत नुसता कचरा, आणि दोन्ही बाजू एकत्र केल्या की तो पुष्कळसा आपसात कटतो.

खरखर, आणि मग स्वर. मी पेटीसमोर तीन पावलांवर जमिनीवर बसले होते. आवाज डाव्या स्पीकरमधून येत नव्हता, उजव्यातूनही नाही. मधोमध, रेडिओच्या काचेच्या जरा वर, जिथे नुसतं लाकूड आहे, तिथून येत होता. दोन्ही बाजू नेमक्या सारख्या झाल्या की असं होतं, हे मी पुस्तकातून शिकवू शकते. पण ३५ ला १, कागदाची पट्टी, उलट्या तारा, हे सगळं त्या जागी येऊन बसलेलं होतं आणि तिथे कोणीतरी गात होतं. मला बराच वेळ उठवेना.

मग मावशीआजीने तिचा आवडता एलपी मागितला. बटण स्टिरिओवर केलं. डावीकडे सतारी, उजवीकडे व्हायोलिनं, मधे गाणारी. आजी खुर्चीवर डोळे मिटून होती. थोड्या वेळाने उठली, झाकण उचललं, न बघता आवाजाचं बटण चिमटीत धरून जरासं मागे फिरवलं. "आजोबा एवढा मोठा नाही ठेवायचे. शेजारी परीक्षेची मुलं असायची."

दुसरी बाजू निम्म्यावर आली आणि लाईट गेली. स्वर खाली खाली घसरत मोटरगाडीसारखा झाला आणि थांबला. व्हॉल्व्हचे तांबडे ठिपके जाळीतून दिसत होते, तेही विझले. मी मोबाईलचा उजेड शोधत होते. अंधारात झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि मग खट्ट.

"बंद केलं गं," मावशीआजी म्हणाली. "चाक दबतं ना ते."